भेंडीची मुंज

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते आणि माझं लग्न होऊन तर त्याहूनही कमी, तेव्हाची ही सहल. आमच्या ह्यांच्या मामांचं मेहकरकडून पत्र आलं, की बागेतल्या पिंपळाची मुंज ठरली आहे, सूनबाईंना घेऊन चार दिवस आधी या. बागेत पुष्कळ झाडं अशी होती ज्यांची नावं मामांना ठाऊक नव्हती. मुंजीला सारं गाव जेवायला येणार, तोवर प्रत्येक झाडावर नावाची पत्र्याची पाटी लागली पाहिजे.

घोळ असा, की मी वनस्पतीशास्त्राची साधी पदवीधर. पण ह्यांनी मामांना सांगताना माझी शास्त्रज्ञ करून टाकली होती. मला झाडं ओळखू यायची ती वाळवून कागदावर चिकटवलेली. उभं हिरवं झाड दिसलं की माझी बोबडी वळायची. मी नाहीच म्हणणार होते, पण नव्या सुनेला नाही म्हणायची सोय तेव्हा नव्हती.

पुण्याहून मनमाडमार्गे रेल्वेनं शेगाव. महाराजांचं दर्शन घेतलं, मला खोटं पडू देऊ नका अशी प्रार्थना केली आणि सकाळी खामगावला जाऊन चिखलीची एसटी धरली. भाडं किती पडलं ते विचारू नका, आठवत नाही. धूळ मात्र आठवते. आता रस्ते चांगले आहेत म्हणतात, तरी तुम्ही जाणार असाल तर ओला रुमाल जवळ ठेवाच. चिखलीच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली आणि मेहकरच्या गाडीत बसून मी मांडीवरचं जाडजूड पुस्तक उघडलं.

"पोथी हाय का ताई?" कंडक्टरनं विचारलं.

"झाडांचं पुस्तक आहे."

"मंग खिडकीतून पाहून घ्या ना. फुकट हाय."

पाहिलं. बाभूळ ओळखली. तेवढीच.

मामांचं गाव मेहकरच्या अलीकडे, पैनगंगेच्या काठी. मामा म्हणजे भला उंच माणूस, डोक्याला फेटा, आणि आवाज असा की नदीपलीकडचे बैल थांबावेत. जिथे जातील तिथून रोप आणायचं आणि नाव विचारायचं विसरायचं, ही त्यांची सवय. बाग मोठी देखणी होती. नदीकडून वारा यायचा, पाखरं भांडत होती, आणि मामा माझ्यामागे रंगाऱ्याला घेऊन चालत होते. मी तोंड उघडलं की तो ब्रश बुडवायचा.

काही झाडं आली मला. जी आली नाहीत त्यांना गंभीर चेहऱ्यानं "परदेशी आहे" म्हणून मोकळी झाले. मामा एवढे खूष झाले की त्यांनी तीन पाट्यांवर 'परदेशी' असंच रंगवून घेतलं. मग आम्ही कडुनिंबापाशी आलो. मामा दर पाडव्याला त्याचा पाला भक्तिभावानं चावत असत. तो कडुनिंब नव्हता, त्याच्यासारखाच दिसणारा बकाण होता.

"मंग कडू काऊन लागत होता?" मामा म्हणाले.

"तोही कडूच असतो."

"मंग झालं तर! राहू दे कडुनिंब."

शेवटी पिंपळ. त्याची पाटी आधीच तयार होती, सगळ्यांत मोठी, लाल अक्षरांत. भोवती नवा पार बांधला होता. मामा-मामींना मूल नव्हतं. अशा घरात पिंपळ लावायचा, मुलासारखा वाढवायचा आणि थाटात त्याची मुंज लावायची, ही जुनी रीत. मामींनी हे झाड कळशीनं पाणी घालून वाढवलं होतं. उन्हाळ्यात त्याच्यावर ओलं लुगडं टाकायच्या म्हणे.

मी वर पाहिलं. सगळ्या बागेत एकच झाड मला पुस्तकाशिवाय ओळखता येत होतं आणि ते नेमकं हेच होतं. मी अलिबागेकडची. आमच्याकडे खाडीकाठी ही झाडं ढिगानं. भेंडी! भाजीची नव्हे, झाडाची. पानं पिंपळासारखी, पण फूल मात्र भाजीच्या भेंडीसारखं पिवळंधमक. पिंपळाला असं फूल कुठलं यायला?

"मामा, पानाला शेपूट नाही," मी चाचरत म्हटलं.

"मुंबईहून आणला हा. समुद्राकडच्या पिंपळाले शेपूट नसते," मामांनी ठणकावलं. रंगाऱ्यानं मान डोलावली. मी पुस्तक मिटून काखेत घेतलं. खरं सांगितलं तर मामांचं गावात हसं होणार, आणि मामींचं काय होईल ते माझ्यानं मनात आणवेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे तोंड धुवायला बाहेर आले, तर मामी पारावर उभ्या. हातात आकडी. झाडाची पिवळी फुलं एकेक करून ओढत होत्या आणि ओच्यात टाकत होत्या. मला पाहून त्या दचकल्या.

"पोरी, तुले तर समजलंच असंन."

"भेंडी आहे मामी."

"हाव. पहिलं फूल आलं तवाच समजलं मले. तवापासून रोज तोडून राह्यली अन् नदीत सोडून राह्यली." त्यांनी ओचा घट्ट धरला. "मामाले सांगू नोको व माय. त्याईले लय हौस हाय पिंपळाची. जीव तुटंन त्याईचा."

"आणि तुम्हाला? तुम्हाला काही वाटलं नाही?"

"काय वाटाचं? मोठं होऊन गेलं होतं पोट्टं. आता काय दुसरं आणू?"

मग काय, रोज पहाटे मी आकडी धरायची आणि मामी फुलं गोळा करायच्या. माझ्या शिक्षणाचा त्या बागेत झालेला खरा उपयोग एवढाच.

मुंजीचा दिवस उजाडला. शेणाच्या गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास नदीपर्यंत गेला होता. (वऱ्हाडात कुणी रोडग्यांना बोलावलं तर आदल्या रात्री जेवू नका.) भेंडीला हळद लागली, जानवं घातलं, कोरी लंगोटी नेसवली. इतकं लाजरं झाड मी पुन्हा पाहिलं नाही. मेहकरच्या भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. मामी कोऱ्या लुगड्यात, डोळे भरलेले. मी वर पाहिलं. शेंड्याजवळ, आमची आकडी पोचत नव्हती तिथे, एक फूल होतं.

"शुभमंगल सावधान!" अक्षता उडाल्या, नदीकडून वारा आला आणि ते फूल गिरक्या घेत मामांच्या फेट्यावर येऊन बसलं.

ताशा थांबला. भटजींचं तोंड उघडंच राहिलं. मामी माझा हात एवढ्या जोरात दाबत होत्या की बांगडी पिचली. मामा फेट्याला हात लावायला तयार नाहीत.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात जोडले. "पिंपळाले फूल आलं हो बाप्पा!"

"हाव ना!" मागून कुणीतरी ओरडलं. "उंबराचं नाही दिसलं, पिंपळाचं दिसलं!"

सगळं गाव जयजयकार करत पाया पडलं. एकही माणूस हसला नाही. ताशा दुप्पट जोरात वाजू लागला.

जेवणानंतर मी त्या म्हातारीपाशी भांडी विसळायला बसले. "आजी, खरंच पिंपळाचं फूल होतं ते?"

"आमी रोज नदीवर धुणं धुतो बाई," ती ताट घासत म्हणाली. "रोज पहाटे पिवळे फुलं वाहत येतात. इतके वर्षं झाले. पण पोट्टं त्याईचं, मुंज त्याईची. आपण काऊन बोलाव?"

निघताना मामा बैलगाडीनं फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटीची धूळ लांबून दिसायला लागली तसं त्यांनी ह्यांना सामान उतरवायला लावलं आणि मला बाजूला घेतलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू झाला.

"सूनबाई, ते पिंपळ नाही, मले मालूम हाय. पाटी म्हणूनच तू येण्याच्या आधी रंगवून ठेवली. तू मामीले काई सांगशीन नोको. जीव हाय तिचा त्या झाडात."

मी मान हलवली. वाकून त्यांच्या पाया पडले.

पुण्यात परत आल्यावर पिशव्यांतून काय काय निघालं: रोडगे, बकाणाचा पाला आणि चिखलीची पुष्कळ धूळ. पुस्तक मात्र तिकडेच राहिलं होतं, आणि मला त्याची काही आठवणही झाली नाही. रात्री जेवताना ह्यांनी सहज विचारलं, "काय गं, तू शास्त्रज्ञ ना? ते फूल आलेलं झाड नक्की कसलं होतं?"

"पिंपळ," मी म्हटलं आणि त्यांना आणखी एक रोडगा वाढला.