फाडलेला बैल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते सातवीतल्या आमच्या चित्रकलेच्या सरांचे. हे मी काही कौतुकाने लिहीत नाही.

सरांनी फुलदाणी काढायला सांगितली होती. आमच्या घरी फुलदाणी नव्हती, बैल होते. मी पोळ्यातला सजवलेला बैल काढला. सरांनी कागद वर्गाला दाखवला. "पाहा, गोठा आला वर्गात. तुह्या हाताले शेणच शोभते, लेका." मग तो मला माझ्याच हातांनी फाडायला लावला. पोरं हसली. मी पुन्हा चित्र काढलं नाही.

पुढे घरातला पहिला पदवीधर झालो आणि केनवडजवळच्या एका शाळेत लागलो. तिथे आठवीतली मागच्या बाकावरची चार पोरं माझ्या वाट्याला आली. वही आणायची नाहीत, बोलायचीही नाहीत. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी सजवून शाळेत स्पर्धेला आणतात. ही चौघं त्या दिवशी हटकून गैरहजर.

"काहून येत नाही रे?"

"सर, नंदी इकत आणा लागते. आमच्या घरी खरे बैल हायत, ते थोडीच चालते तिथं."

"मग आपणच करू एक."

"अन् मार्क?"

"मार्क नाही."

"मंग करतो," एकजण म्हणाला, आणि बाकीचे हसले.

तुराट्यांचा सांगाडा बांधला. त्यावर खळ लावून वर्तमानपत्राचे थर चढवले. पहिला बैल पाहून एक पोरगा म्हणाला, "सर, तुमी म्हैस करून राह्यले. वशिंड कुठं हाय?" वशिंड दोनदा बदललं. झूल एकाच्या आजीच्या लुगड्याची. ती पोरं आता शाळा उघडायच्या आधी येऊन बसत.

परीक्षक म्हणून त्याच सरांना बोलवावं, असं मीच सुचवलं. ते आता निवृत्त होते. माझं वाक्य कित्येक वर्षांपासून तयार होतं. त्यांनी बैलाकडे पाहिलं की ते सगळ्यांसमोर म्हणायचं होतं.

सर आले. बैलासमोर बराच वेळ थांबले. पहिलं बक्षीस त्यालाच दिलं. मग माईकवर म्हणाले, "असं काम मी माझ्या विद्यार्थ्यांकडून नेहमी करून घेत असे." माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कुठले, सर?"

त्यांनी मला ओळखलंच नव्हतं. माझं वाक्य ओठांवर आलं होतं. पण चौघं बक्षिसाची ढाल डोक्यावर घेऊन नाचत होती, आणि ती कशा माणसाच्या हातून मिळाली हे त्यांना त्या घडीला कळू द्यायचं नव्हतं. मी गावाचं नाव सांगितलं आणि सरांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी पत्र टाकलं.

आदरणीय सर,

काल तुम्ही ज्या बैलाला बक्षीस दिलं, तसाच एक तुम्ही माझ्या हातांनी फाडायला लावला होता. तो कागदावर होता. तुम्हाला आठवत नाही, म्हणून कळवतो. माझ्या वर्गाकडून तरी असं काम तुम्ही कधी करून घेतलं नाही. कोणत्या पोराला काय म्हणायचं नाही, हे मी तुमच्याकडून शिकलो. रोज वर्गात शिरताना तुमची आठवण काढतो आणि पोरं तशा बोलण्यातून वाचतात. तेवढे उपकार खरे आहेत. माफी मागायला येऊ नका, मी माफ करणार नाही. पुढच्या पोळ्याला मात्र या. खुर्ची पहिल्या रांगेतच ठेवीन. माईक आधी मी घेणार आहे.

आपला विद्यार्थी