एरेबसचा दिवा

लाव्हाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण संग्रहालयात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. मोठ्या दालनात जगाचा एक भलाथोरला उठावाचा नकाशा होता, लाकडी सांगाड्यावर प्लॅस्टर चढवून केलेला. जगातल्या नामांकित ज्वालामुखींच्या जागी त्यात तांबडे दिवे बसवलेले. कठड्यावरचं बटण दाबलं की त्या नावाचा डोंगर पेटायचा. वर पोरं बटणं बडवायची आणि खाली ही बाई चाकं लावलेल्या फळीवर उताणी झोपून वायरी चाचपत असायची. लोकांना जग वरून दिसतं. हिला ते खालून दिसायचं, तेही उलटं: जपान डाव्या हाताला, अमेरिका उजव्या.

बरं, ज्वालामुखी तरी सोयीने एका जागी असावेत की नाही! आफ्रिकेतला किलिमांजारो आणि इटलीतले व्हेसुव्हियस, एटना, स्ट्राँबोली मधल्या भागात, तिथे निदान मान वळवता यायची. पण निम्म्याहून जास्त मंडळी पॅसिफिक महासागराच्या काठाने बसलेली. चिली, इक्वाडोर, मेक्सिकोपासून वर अलास्कापर्यंतची रांग एका कडेला, आणि जपान, फिलिपिन्स, इंडोनेशियाची दुसऱ्या कडेला. नकाशा करणाऱ्याने तो समुद्र बरोब्बर मधून कापून दोन टोकांना टाकलेला. म्हणजे एक माळ दुरुस्त करायची तर सगळी पृथ्वी सरपटत ओलांडायची. आणि सगळ्यात छळवादी तो एरेबस. अंटार्क्टिकातला, अगदी खालच्या कडेचा. तिथे नकाशा इतका उतरता होता की बाजूला पडून हात लांबवावा तेव्हा कुठे होल्डरला बोटं लागायची.

आत जायला एकच झडप, आणि तिची कडी बाहेरून. एकदा दुपारच्या सुट्टीत सफाईवाल्याने झडप लोंबकळतेय असं पाहून कडी घातली आणि तो जेवायला गेला. लाव्हाबाई आत. तिने हाका मारल्या, फळीवर बुक्क्या मारल्या, शेवटी गप्प पडून राहिली. छातीपासून वीतभर वर सगळं जग, आणि बाहेर पडायला वाट नाही. तिला रडू आलं, आणि उताणं असल्यामुळे ते कानात गेलं. सुट्टी संपल्यावर कडी निघाली तेव्हा सगळे पोट धरून हसले. साहेब म्हणाले, आज ज्वालामुखीने आतून धडका मारल्या म्हणे. तीही हसली. न हसून सांगते कुणाला? कडी काढून टाका एवढं मात्र तिने सुताराला तीनतीनदा सांगितलं. पोरं आत शिरतील म्हणून कडी राहिली.

आता खरी गोम ऐका. या बाईला तिथे कोंडलं होतं कुणी? तिनेच. ती रोजंदारीवर लागली तेव्हा नवरा दम्याने अंथरुणाला खिळलेला आणि पोर पाळण्यात. तिच्या आधीच्या फिटरने प्रत्येक वायरीला नाव लावून ठेवलं होतं, इतकं नीटनेटकं की एक दिवस साहेबांना वाटलं, हे तर कोणीही करेल. त्याला घरी बसवलं. ते पाहून हिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने गुपचूप सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, रंगीत वायरी बदलल्या आणि सगळीकडे एकजात काळ्या ओढल्या. कुठली वायर कुठे जाते ते फक्त तिच्या हातांना ठाऊक.

डाव फळला. साहेब आले नि गेले, ही कायम झाली, घर चाललं. पण दोन दिवसांपेक्षा जास्त रजा म्हटली की सगळ्यांचं घोडं इथेच अडायचं. बढती नाही, बदली नाही. लेकीच्या लग्नाच्या दिवशी कुणी मोठे पाहुणे यायचे होते आणि सगळा इंडोनेशिया विझला. बाई लग्नातल्या नव्या कपड्यांनिशी झडपेत शिरली, आणि परत पोचेपर्यंत लेकीची गाडी निघून गेली होती. ते लेकीने कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता तीच लेक दुसऱ्या शहरात, दिवस गेलेले, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून बजावलेलं. जावई सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. लेकीने फोनवर फार काही सांगितलं नाही. “आई, या वेळी येशील ना?” एवढंच विचारलं. लाव्हाबाई तडक साहेबांपुढे उभी राहिली. साहेब माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, बाई, तुम्ही गेलात की माझा अंधार. तुमच्यासारखा एक तयार करा, सगळे दिवे त्याच्या हातून लागू देत, मग लगेच सोडतो. न विचारता निघून गेलं तर पेन्शनवर पाणी. स्वतःच्या पायावर मारून घेतलेला धोंडा असा इतक्या वर्षांनी ठणकायला लागला.

नवा फिटर आला तो चाळिशीचा, अंगाने आडवा, कारखाना बंद पडल्यावर वर्षभर घरी बसलेला. दोन मुलं शाळेत. पहिल्या दिवशी झडपेतून शिरतानाच त्याच्या सदऱ्याची बटणं तुटली. लाव्हाबाईने कपाळाला हात लावला. पण माणूस चिकाटीचा निघाला. तिने मग इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते केलं: प्रत्येक वायरीला पट्टी चिकटवली. अमेरिकेच्या पिवळ्या, आफ्रिकेच्या हिरव्या, इंडोनेशियाच्या लाल, आणि वर पेनने नाव. क्राकाटोआ, टांबोरा, कोतोपाक्सी. नाव लिहिलं की छातीवरचं ओझं तेवढं उतरायचं. तिकडे लेकीचे दिवस भरत आले होते. नाकी नऊ आले, पण साहेबांसमोर नव्या फिटरने एकूणएक दिवा लावून दाखवला. साहेबांनी तिथेच सही केली.

निघायच्या दिवशी दुपारच्या सुट्टीच्या जरा आधी ती आपला टेस्टर न्यायला झडपेशी वाकली. आत नवा फिटर पट्ट्या सोलून काढत होता. बाजूला रंगीत चोळामोळ्यांचा ढीग.

“अरे, त्या राहू दे,” ती म्हणाली. “उद्या तुलाच सुटायचं झालं तर?”

तो थांबला. त्याला राग आला नव्हता, लाजही वाटली नव्हती. “ताई, तुम्ही इतकी वर्षं कशाने टिकलात?”

तिने मनात हिशेब केला. हे साहेबांना सांगावं, तर ते नव्याला काढतील, आणि मग पुन्हा दुसरा येईपर्यंत तुम्हीच थांबा म्हणतील. लेकीचा चेहरा समोर आला. तिने टेस्टर पिशवीत टाकला आणि ती सरळ झाली. वाईट वाटलं, फार वाटलं, पण ती साहेबांच्या खोलीकडे वळली नाही.

दाराकडे जाता जाता तिला काय वाटलं कोण जाणे, कठड्यापाशी थांबून तिने एरेबसचं बटण दाबलं. इतक्या वर्षांत वरून कधी पाहिला नव्हता. दिवा लागला नाही. खालून फळीची चाकं घरंगळल्याचा आवाज आला, धापा आल्या, मग सगळं थांबलं.

“ताई, आहात का? हात पोचत नाही.”

पिशवी ठेवून आत शिरणं हे काही मिनिटांचं काम होतं. पण काही मिनिटांची कामं तिला चांगली ठाऊक होती. ती कडेशी वाकली. “गाल जमिनीला टेकव,” ती म्हणाली, “मग पोचतो.”

तेवढ्यात दुपारची घंटा झाली. सफाईवाला केरसुणी काखेत मारून आला आणि सवयीने झडप लोटून त्याने कडीला हात घातला.

“आत माणूस आहे,” ती म्हणाली.

“लाव्हाबाई ना?” तो वर न बघताच म्हणाला. “तिला सवय आहे.”

त्याचा हात तिने कडीवरून बाजूला केला. मग पिशवी खांद्याला लावून ती बाहेर पडली.