जावेकडे पाहणारी माझी लेक

जावेची पुनर्नवा मी मुळासकट उपटली आणि तिलाच तिची भाजी करून वाढली. असलं डोकं देवानं माझ्या एकटीच्याच धडावर बसवलं असावं.

देवळीजवळच्या आमच्या गावातली गोष्ट, आणीबाणी उठली त्या वर्षाची. लेक दीड वर्षाची होती. तिचे डोळे बाजूला वळतच नसत. मी बाजूनं हाक मारली की ती अख्खी मान झटकून फिरवी, तीही मला ओलांडून पार पुढं, चुलीकडे. गाव म्हणे, बाहेरचं आहे. मला वाटे, पोरगी माझ्यावरून तोंड फिरवते.

थोरली जाऊ मात्र रोज सकाळी परसातल्या पुनर्नवेची मुळी मधात उगाळी, पोरीला पसरल्या पायांवर उताणी घेई आणि वरून वाकून बोटानं डोळ्यांत लावी. आणि ती कार्टी तिच्याकडे टुकुटुकु पाही! बोट वर गेलं की डोळे वर, खाली आलं की खाली. शिवाय खिदळणं. नऊ महिने पोटात वागवली मी, आणि डोळे भरून पाहायची जावेला! मला जावेच्या बोटांचा हेवा वाटे, त्या पाल्याचासुद्धा. मुळीतच वशीकरण आहे, असं मी ठरवून टाकलं. मॅट्रिक झालेली होते म्हणे मी.

जाऊ विहिरीवर गेली तशी मी सगळी वेल उपटली. पाला फेकवेना, म्हणून फोडणी दिली आणि बारीक पानांच्या चिवळीची भाजी म्हणून वाढली.

जावेनं दोन घास खाल्ले. "चिवळ लयच मोठ्या पानाची झाली वं यंदा. मुळ्या कुठं टाकल्या?"

"उकिरड्यावर," माझ्या तोंडून निघूनच गेलं.

सासूबाईंनी तेवढ्यात आणखी भाजी मागितली.

उगाळायला मुळी उरली नाही, म्हणून जाऊच आम्हा मायलेकींना एस.टी.त घालून वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पोरीसमोर किल्ल्या हलवल्या, आधी वर-खाली, मग आडव्या. म्हणाले, हा आजार फार थोड्या लेकरांना होतो. डोळे वर-खाली फिरतात, पण आडवे हवे तेव्हा वळत नाहीत, म्हणून ती मान झटकते. मोठी होईल तसं बरंच सावरेल. आणि डोळ्यांत मुळीबिळी काही घालू नका. जाऊ ओशाळली. मी मनातल्या मनात लाडू खाल्ला.

पण परतीच्या एस.टी.त पोरगी पुन्हा तिच्याच मांडीवर, तिच्याच तोंडाकडे बघत. माझ्यानं राहवलं नाही. "मंग तुमच्याकडंच कशी पाह्यते, बाई?"

जावेनं पोरगी उचलली, माझ्या मांडीवर तोंडासमोर तोंड करून बसवली आणि म्हणाली, "मी वरतून पाह्यतो तिले, अन् तू रोज बाजूनं हाका मारून राह्यली. समोर बस ना वं तिच्या! माह्ये तीन घरी हायेत, मले आनखी एक कायले पायजे?"