एक पाय फलाटावर

आमच्या दुकानाला दोन दारं. पुढचं दार उघडलं की मोठ्या लाइनीचा फलाट, मागचं उघडलं की छोट्या लाइनीचा. दोन्ही दारं उघडी ठेवली की वारा सरळ निघून जातो, पण गोष्टी मात्र आतच अडकतात. चहा पिणारा चहा पिऊन जातो, सुतळी घेणारा सुतळी घेऊन जातो, आणि जाताना काहीतरी सांगून जातो. पेंडीचं पोतं गिऱ्हाईक उचलून नेतं, किस्सा कोण उचलणार? तो राहतो! इतक्या वर्षांत एवढे साठलेत की अधूनमधून दुकान झाडल्यासारखे बाहेर काढावे लागतात.

मी काही शाळेत शिकलेला माणूस नाही. पोत्यांवर छापलेली अक्षरं लावत लावत वाचायला शिकलो, आणि स्टेशनातल्या टाइमटेबलावर आकडे. त्यामुळं पेंड, सरकी आणि परळी हे शब्द मला सगळ्यात आधी लिहिता आले.

तर आमचं जंक्शन परळीच्या अलीकडं, उघड्या माळावर. मोठी गाडी रेल्वेची. सकाळी परळीहून यायची, दुपारी परळीला जायची, आणि आमच्याकडं फक्त दोन मिनिटं थांबायची. छोटी गाडी आमच्या सहकारी साखर कारखान्याची. इंजिन, उसाच्या वाघिणी, आणि त्यांच्यामागं माणसांसाठी तीन डबे. धारूरच्या डोंगराच्या बाजूनं ती दुपारी खाली यायची, ती नेमकी मोठ्या गाडीच्या वेळेला. म्हणजे, यायला पाहिजे होती!

*

पहिली भानगड घड्याळाची. रेल्वे चालायची स्टेशनातल्या घड्याळावर आणि छोटी गाडी कारखान्याच्या भोंग्यावर. दोन्हींत अकरा मिनिटांचा फरक.

आमचे स्टेशनमास्तर बाहेरून आलेले, भलते काटेकोर. शर्टाचं वरचं बटणसुद्धा वेळेवर लावणारा माणूस! ते घड्याळ खिशात घालून थेट कारखान्याच्या चेअरमनसाहेबांकडं गेले.

"साहेब, तुमचा भोंगा अकरा मिनिटं मागं आहे. दुरुस्त करा."

चेअरमनसाहेबांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "मास्तर, माझ्या भोंग्यावर बारा गावं उठत्यात. तुमच्या घड्याळावर एकटे तुमी. आता दुरुस्त कुणी व्हायचं, सांगा!"

*

छोटी गाडी चालवायचे रहीमचाचा. माणूस गोड, गाडी त्याहून गोड. चढाला लागली की शेजारून चालणारं मेंढरू पुढं जायचं.

एकदा एका पाहुण्याचा फेटा खिडकीतून उडाला. त्यानं आरडाओरडा केला नाही, साखळी ओढली नाही. ओढायला साखळीच नव्हती! तो शांतपणे उतरला, बाभळीत अडकलेला फेटा काढला, काटे झटकले, उभ्याउभ्या बांधला आणि मागच्या डब्यात चढला.

डब्यातल्यांनी सरकून जागा दिली. पाहुणा बसला, खिसे चाचपले आणि परत उठला.

"आता काय झालं?"

"तंबाखूची डबी पुढच्या डब्यात राहिली की!"

परत उतरला, पळत पुढं गेला, डबी घेतली. चाचांनी इंजिनातून मान बाहेर काढून विचारलं, "अजून काही राह्यलंय का? मंजी मी पानी भरून घेतो!"

*

एकदा कारखान्याची सभासदांची सभा आमच्या फलाटावर भरली. पंचक्रोशीत सावलीचं तेवढंच पत्र्याचं छप्पर. विषय एकच: छोटी गाडी रोज उशिरा येते, त्याबद्दल सभासदांची तक्रार.

चेअरमनसाहेब आणि संचालक जीपनं आले. सतरंजी अंथरली, हार आले, माइकवाला "हॅलो हॅलो" करून दमला. सभासदांचा पत्ता नाही. अर्धा तास वाट पाहिली. मग नियमाप्रमाणं सभा तहकूब केली, आणि नियमाप्रमाणंच लगेच पुन्हा भरवली, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.

सभासद पोहोचले तेव्हा माइकवाला वायर गुंडाळत होता.

"ठराव काय झाला?"

"गाडीबद्दल कुणाचीही तक्रार नाही. एकमतानं पास!"

सगळे तक्रारदार छोट्या गाडीनं आले होते ना!

*

मग मोठा दुष्काळ पडला. ऊस जळाला, कारखान्याचं धुराडं थंड झालं. पण छोटी गाडी चालू ठेवली, कारण वरच्या वस्त्यांना खाली यायला तेवढाच आधार. इंजिनासाठी पाण्याची टाकी मोठ्या गाडीला जोडून यायची. विहिरी कोरड्या आणि इंजिनाचं पोट भरलेलं! बायका घागरी घेऊन चाचांच्या मागं. मास्तरांनी पाटी लावली: 'इंजिनाचे पाणी पिण्यासाठी नाही.'

"आमी कुठं पितोय?" बायका म्हणाल्या. "आमाला धुण्याला पायजे."

इंजिनातून पाणी निघायचं तेही कढत. एके दिवशी मास्तर फलाटाच्या टोकाला गेले तर तिथं धोंड्यावर एक तरणाबांड गडी पंचा लावून बसलेला, शेजारी वाफाळती बादली, आणि त्याची सासू तांब्या तांब्यानं पाणी देतीय. इंजिन उभं, चाचा उभे, डब्यातली माणसं खिडकीतून बघतायत.

मास्तर लाल झाले. "बाई, गाडी खोळंबलीय आणि तुम्ही अंघोळ घालताय?"

बाई म्हणाली, "मास्तर, गाडी रोज येती. जावई वर्सानं आलाय!"

 पुढच्या रविवारी मागच्या दारानं एक बादली चाचांकडं गेली. बादलीवर रेल्वेचा शिक्का होता, एवढंच मी सांगेन.

*

आता खरी गोष्ट. सोजरबाईची.

सोजरबाई मेंढपाळाच्या घरातली, आमच्या मागच्या वस्तीवरची म्हातारी. काटक. तिच्या लेकाला भरतीचं बोलावणं आलं होतं परळीला. तो तेव्हा डोंगरात मेंढरांमागं होता; तिथून छोट्या गाडीनं खाली आला, माझ्या दुकानातून पळत पुढच्या दारापर्यंत पोहोचला, आणि मोठ्या गाडीचा शेवटचा डबा त्याच्या डोळ्यांसमोरून निघून गेला. दोन मिनिटांसाठी! तो पुढं दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला.

त्यानंतर सोजरबाई रोज दुपारी फलाटावर यायला लागली. डोक्यावर गाठोडं, हातात काठी. मोठी गाडी आली की एक पाय पायरीवर, एक पाय फलाटावर. मग गाठोडं सरकायचं. ते सावरलं की काठी पडायची. काठी उचलली की कंबर धरायची. म्हातारी बाई अर्धी चढलेली असताना कोणता गार्ड हिरवी झेंडी दाखवील? तोवर निंबाच्या वळणावर छोट्या गाडीचा धूर दिसायचा, माणसं धावत यायची, चढायची. शेवटचा माणूस चढला की सोजरबाई पाय खाली घ्यायची.

"आज ऱ्हाऊ द्या. उद्याच्याला जाते."

गार्डालाही सगळं ठाऊक. एकदा त्यानं मुद्दाम विचारलं, "आजी, नेमकं जायचंय कुठं?"

"गाडी कुठं जाती?"

"परळीला."

"मंग तितंच."

"रोज म्हणता आणि जात नाही!"

"तू रोज जातूस. तुला काय घावलं बे?"

*

हे असं वर्षभर चाललं आणि एक दिवस रेल्वेच्या वरच्या कचेरीतून चौकशीचा साहेब आला. उंच, गोरा, लेसवाले चकचकीत बूट, हातात काळी पत्र्याची पेटी. मोठी गाडी आमच्या जंक्शनात रोज उशीर करते, तर तिचा इथला थांबाच काढून टाकायचा की काय, हे त्याच्या रिपोर्टावर ठरणार होतं. थांबा गेला की छोट्या गाडीला अर्थ नाही, आणि छोटी गाडी गेली की वरच्या बारा गावांना परळी म्हणजे काशीच! माझ्या दुकानाला तर दोन्ही दारं कुलपासाठीच उरली असती.

सकाळी साहेब चेअरमनसाहेबांच्या जीपनं कारखाना बघायला गेला; परत छोट्या गाडीनं यायचं ठरलं होतं. चेअरमनसाहेबांनी पुरणपोळीचा आग्रह केला. एक झाली, दुसरी झाली. तिसरीला छोट्या गाडीची वेळ टळली, आणि गाडी साहेबासाठी थांबून राहिली.

दुपारी मोठी गाडी आली. छोटी नाही. सोजरबाईनं नेहमीप्रमाणं एक पाय टाकला. दोन मिनिटं झाली, पाच झाली, आठ झाली! मग छोटी गाडी आली. साहेब पुढच्या डब्यातून उडी मारून, लांब ढांगा टाकत, सगळ्यांच्या आधी माझ्या दुकानातून पलीकडं. मागून चाळीस माणसं गाठोडी, पोरं, कोंबड्या सावरत येतायत. पेटी छोट्या गाडीतच.

साहेबानं घड्याळ बघितलं. गाडी बघितली. सोजरबाई बघितली.

"या म्हातारीमुळं गाडी उभी आहे?"

आणि कुणी काही बोलायच्या आत त्यानं सोजरबाईला गाठोड्यासकट अलगद उचललं आणि डब्यात ठेवलं!

"गार्ड! चला!"

साक्षात साहेबाचा हुकूम. झेंडी हलली, शिट्टी झाली. साहेब मास्तरांकडं वळून "किती मिनिटं उशीर, लिहून घ्या" म्हणेपर्यंत गाडी निघाली. दारात सोजरबाई ओरडतीय, "आरं, मला उतरवा! मला कुटंच जायचं न्हाई!"

फलाटावर उरली चाळीस माणसं. आणि साहेब.

 साहेब माझ्याकडं वळून म्हणाला, "त्या बाईंना जायचं नव्हतं?"

"न्हाई, साहेब."

"मग चढत कावून होत्या?" म्हातारीच्या ओरडण्यानं त्यालाही आमची भाषा लागली होती.

चाळीस माणसं चाळीस दिशांना बघायला लागली. कुणाचा दवाखाना, कुणाची कोर्टातली साक्ष, कुणाची सोयरीक, सगळं एक दिवस लांबलं होतं. पण साहेबाला कुणी शब्दानं बोललं नाही. उलट भाकरी सोडल्या आणि पहिला चतकोर साहेबापुढं केला. त्यानं तो मान खाली घालून खाल्ला. लेकाची गोष्ट त्याला मीच सांगितली.

तोवर छोटी गाडी साहेबाची पेटी घेऊन परत डोंगराला लागली होती. पेटीत फाइल, फाइलीत रिपोर्ट. पेटी उतरवायचं कुणाला कसं सुचलं नाही, मला आजवर कळलं नाही. मी तर तिच्यावर कपबशी ठेवून चाचांबरोबर चहा प्यालो होतो!

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सोजरबाई परत आली. आयुष्यात पहिल्यांदा परळी बघून.

"काय बघितलंस मावशी?"

"काय न्हाई. तितली गाडी येळंवर सुटती. लई वंगाळ गाव!"

आणि ती माझ्या बाकावर आडवी झाली. आंग लई दुखतंय, म्हणाली, आज मी उठायची न्हाई.

दुपारी मोठी गाडी आली. कालची चाळीस माणसं चढून बसली. छोट्या गाडीचा पत्ता नाही. एक मिनिट झालं. मास्तर घड्याळ धरून उभे; साहेब समोर असताना नियम म्हणजे नियम. दोन मिनिटं झाली. गार्डानं झेंडी काढली. तेवढ्यात लांब, निंबाच्या वळणापलीकडं, धुराची एक बारीक रेघ दिसली.

साहेब डब्यापाशी गेला. उजवा पाय पायरीवर ठेवला. डावा फलाटावर. मग वाकला आणि डाव्या बुटाची लेस सोडली. बांधली. नीट बसली नाही म्हणून परत सोडली.

मास्तर चाचरत म्हणाले, "साहेब, टाइम झालाय."

"दिसत नाही का?" साहेब मान वर न करता म्हणाला. "मी चढतोय!"

माझ्या बाकावर सोजरबाई कोपरावर रेलून उठली, डोळ्यांवर हात धरून तिनं साहेबाकडं निरखून बघितलं आणि मान हलवली.

"पाय बराबर टाकलाय," ती म्हणाली, "पर गाठोडं पायजे व्हतं!"