गुरुजींचं अक्षर

नारायण गुरुजी गेल्याची बातमी ऑगस्टमध्ये शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. पहिली श्रद्धांजली शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांची... ती वाचून मला शिसारी आली. कारण महिनाभर आधीच गुरुजींनी अंथरुणावरून मला सगळं सांगितलं होतं.

ताडकळसच्या पलीकडे आमचं गाव. गुरुजी तिथे इतिहास शिकवायचे. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग त्यांच्याच जागेवरचा मास्तर. गुरुजींचं अक्षर असं देखणं, की आसपासच्या गावांतल्या पाट्या त्यांच्याच हातच्या. पण राष्ट्रवादाच्या उदयाचा धडा आला की त्यांचा आवाज कोरडा पडायचा. शिकलेल्यांनी सभा भरवल्या, वर्तमानपत्रं काढली आणि देश जागा झाला, एवढं वाचून ते पुस्तक मिटायचे. आम्हाला वाटायचं, गुरुजी कंटाळले.

आमच्या गावात देश आला तो गोवऱ्यांच्या पाटीतून. तिकडे इंग्रज, इकडे निजाम. जवळ तिरंगा सापडला तर माणसाची खैर नसायची. त्या दिवसांत गावातल्या सोनाबाई डोक्यावर गोवऱ्या घेऊन बाजाराला जायच्या, आणि तळाशी निशाण नि पत्रकं असायची. त्यांना कुणी अडवलं नाही. महारणीच्या पाटीला शिवायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा शाळेपुढे हुतात्म्यांच्या आणि स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा खांब उभा राहिला. यादी गावातल्या बड्या मंडळींनी केली. सोनाबाई तीत नव्हत्या. रंगराव होते. भूमिगतांचं ठिकाण पोलिसांना कळवणारे ते हेच. नुकत्याच नोकरीला लागलेल्या गुरुजींनी निमूटपणे सगळी नावं रंगवली. रंग वाळायच्या आत सोनाबाई पाहायला आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

“माझं नाव कुठं हाय, गुरुजी?”

अंथरुणावरून गुरुजी मला म्हणाले, “आन म्या बोट ठिवलं. रंगरावाच्या नावावर.”

मग दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या झेंडावंदनानंतर, सोनाबाई नातीचा हात धरून यायच्या आणि त्या नावापाशी झेंडूचं फूल ठेवायच्या. जाणते पाहायचे आणि गप्प बसायचे. गुरुजी तर दरवर्षी ते नाव नव्या रंगाने उजळून द्यायचे, सोनाबाई गेल्यावरसुद्धा. “तिच्या नातीला सांग, बाबा. मला न्हाई जमलं,” ते म्हणाले. मला त्यांची किळस आली. तरी त्यांचा हात मी सोडला नाही.

शोकसभा त्याच खांबाखाली झाली. अध्यक्ष म्हणजे रंगरावांचे नातू. “गुरुजींच्या अक्षरानं आमच्या आजोबांचा त्याग अमर केला,” असं ते गहिवरून बोलले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

यंदाच्या सतरा सप्टेंबरला सोनाबाईंची नात आली. सुजाता आता झरीला शिक्षिका आहे. आजी गेल्यावरही ती दरवर्षी यायची. पण फूल कधी आणायची नाही, नुसती उभी राहायची. बाकीचे पांगल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं.

“मला चौथीतच कळलं होतं, सर. वाचाया लागले तवाच.”

“मग आजीला...?”

“फूल ठिवताना लय खूश असायची वो ती. कसं सांगू?” मग तिने खांबाच्या तळाशी बोट ठेवलं. “हितं जागा हाय. तुमचं अक्षर बी गुरुजींनीच वळवलंय नं?”

मी हो म्हणालो.

गुरुजींचा कुंचला त्यांच्या मुलाने मला दिलाय. तो कपाटात आहे, शेजारी रंगाचा डबाही आणून ठेवलाय. रोज खांबावरून शाळेत जातो, रोज तसाच परत येतो. नोकरीची सहा वर्षं उरलीत आणि अध्यक्षांशी वाकडं घ्यायची माझी हिंमत होत नाही. गुरुजींची किळस आता मला येत नाही. कुंचला अजून कोरडाच आहे.