चमचा वाजत होता तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मॅडमना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतं. जमेल का? बघू.

मी चिपळूणकडचा. नववीत शाळा सुटली, एका खानावळीत कामाला म्हणून नागपूरला आलो, खानावळ बंद पडली — आणि रामदासपेठेतल्या या केंद्रात, ते चालवणाऱ्या मॅडमनी मला ठेवून घेतलं. बरे न होणारे पेशंट इथे येतात. औषध असतं ते दुखणं कमी करण्यापुरतं. बाकी अंग पुसणं, कूस बदलणं, जवळ बसणं — ते माझ्याकडे. सगळे मला मामा म्हणतात. मॅडम नसत्या तर मी कुठे असतो, हे रोज आठवतं. आणि रोज भीती वाटते, की एक दिवस त्या म्हणतील — चुकलंच, हा माणूस या कामाचा नव्हे.

केशवराव उमरेडचे. जन्म हातमागावर गेलेला. घशाचा कॅन्सर — आवाज गेला होता, गिळणंही बंद. तोंड सारखं कोरडं पडायचं. मग ते चमच्याने पलंगाची दांडी वाजवायचे, आणि मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ, जीभ भिजवायचो. मुलगा गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला. तो म्हणायचा, "पहिले तोंडानं शिव्या देत होते, आता चमच्यानं देऊन राहिले." केशवराव त्याच्यावरही चमचा उगारायचे.

एका सकाळी दुकानात जाताना त्याने मला बाजूला घेतलं. "मामा, मी नसलो अन् तसं काही वाटलं, तर बाबाच्या तोंडात दोन थेंब पाणी घालजा. कोरड्या तोंडानं नका जाऊ देजा त्याईले."

मी हो म्हटलं.

त्याच दुपारी कॉलेजची मुलं आली. पहिल्या वर्षाची — अशा पेशंटची सेवा म्हणजे काय, ते बघायला. मॅडमना फोन आला. बाहेर जाताना त्या मुलांना म्हणाल्या, "तोंडाची काळजी कशी घ्यायची ते मामा दाखवतील. त्यांच्यासारखं इथे कुणाला जमत नाही."

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. ते कसं वाटतं, तुम्हाला माहीत आहे का? शाळेत मला उभं करायचे ते उत्तर आलं नाही म्हणून.

मी एका मुलीच्या तळहातावर कापूस फिरवून दाखवत होतो — किती पिळायचा, कुठे थांबायचं — तेव्हा शेजारच्या खोलीत चमचा वाजला. थांबला. पुन्हा वाजला. आधी जोरात, मग हळू.

ती मुलगी म्हणाली, "मामा, कोणी बोलावून राहिलं ना?"

"ते नेहमीचंच," मी म्हणालो. "लक्ष नको देऊस."

ऐकू आलं नाही, असं नव्हतं. काय हवंय ते कळलं नाही, असंही नव्हतं. मला बोलायचं होतं — एवढंच. मुलं ऐकत होती, माना हलवत होती. चमचा थांबला तेव्हा मला बरं वाटलं. तसं वाटलं होतं, म्हणून लिहितो.

मुलं दुसरीकडे गेल्यावर मी त्या खोलीत गेलो. केशवराव गेलेले होते. तोंड उघडं, ओठांवर पापुद्रे. मी कापूस ओला केला आणि कुणी यायच्या आत ओठ पुसून घेतले. कुणासाठी पुसले? त्यांच्यासाठी तर नाही.

केशवरावांचा मुलगा दुकानातून धावत आला. रडला. मग विचारलं, "पाणी घातलं ना, मामा?"

"घातलं."

तो वाकून माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.

मॅडम दारातच होत्या. तेव्हापासून नवी मुलं आली की त्या ही गोष्ट सांगतात — मुलाने शब्द घेतला होता, मामांनी तो पाळला. मी बाजूला उभा असतो. आत काही हलत नाही. ती मुलगी आता कुठेतरी नोकरीला असेल. कुणी वाजवलं तरी लक्ष द्यायचं नसतं, हे ती माझ्याकडून घेऊन गेली.

मागच्या बॅचमधल्या एका मुलाने सगळं ऐकून मला विचारलं, पाणी घातल्यावर आजोबांनी काही केलं का हो?

"हो," मी म्हणालो. "माझा हात दाबला."