राजीच्या पाठीचं माप

सालेहाबीच्या घरात पुढच्या खोलीच्या भिंतीवर घोड्यांच्या पाठी टांगलेल्या आहेत. नव्या माणसाला त्या नुसत्या वाकड्या तारा दिसतात. पंचवीस-तीस असतील, एकेका खिळ्याला एकेक, आणि प्रत्येकीला बांधलेल्या चिंधीवर मालकाचं नाव. जाड मऊ तार घोड्याच्या खांद्यामागे आडवी ठेवून दोन्ही हातांनी दाबली की पाठीचा आकार तारेत उतरतो. ती तार सुताराकडे न्यायची. तो त्या आकाराचा लाकडी सांगाडा करतो आणि त्यावर लोकरीचा नमदा, चामडं, मखमल चढली की खोगीर तयार होतं.

तारा वाकवायचे मोहियोद्दीनभाई आणि शिवायची सालेहा. लग्न होऊन ती उदगीरला आली तेव्हा सासूनं बाहेरचं काम आणि आतलं काम अशी वाटणी करून दिली होती, ती पस्तीस वर्षं तशीच चालली. घोडा दारात उभा असायचा, त्याच्या घामाचा वास पडद्यातून आत यायचा, पण घोड्याला हात लावायची वेळ सालेहावर कधी आली नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "मोहियोद्दीनभाई, तुमच्या टाक्याला तोड न्हाई." भाई हसून आतून चहा मागवायचे. सालेहाला त्याचं काही वाटायचं नाही असं नाही. पण तोवर चहा उतू जायला आलेला असायचा.

भाई जाऊन दीड वर्ष झालं. मुलगा शारिक हैदराबादला एसी दुरुस्त करतो. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो.

"अम्मी, खाना खाए क्या?"

"हाव, खाई."

मिनिटभरात फोन संपतो. एकटीसाठी कुकर लावणं तिला जिवावर येतं, म्हणून ती लहान पातेलीत मूठभर तांदूळ टाकते. तोही सकाळी उरतो. दुपारी टीव्ही लावते आणि त्याच्याकडे पाठ करून दोऱ्याला मेण लावत बसते. दाराची कडी वाजली तर घोडेवाल्यांपैकीच कुणी असतं, आणि हल्ली तेही महिन्यातून एखादं.

म्हणून दिवाळीआधी देवणी रस्त्याचा माणिकप्पा आला तेव्हा तिनं पेल्याऐवजी कपबशी काढली. माणिकप्पाची घोडी वरातींना जायची. राजी तिचं नाव. आखूड पायांची, रुंद छातीची, जाड मानेची तांबडी घोडी. दिसायला फार देखणी नव्हे, पण तिच्यावर बसलेला नवरदेव जमिनीपासून फार वर जात नाही, म्हणून भित्र्या नवरदेवांच्या घरचे तिलाच मागायचे.

"नवं खोगीर पाहिजे भाबी. मखमलीचं, जरीचं," माणिकप्पा म्हणाला. "भाईनं पहिलं साधं केलं होतं, तिला शिकवायला. माप असंलच तुमच्याकडं?"

"असंल की," सालेहा म्हणाली आणि भिंतीवरून चिंधी वाचून तार काढली. भाईंचं अक्षर, भाईंनी वाकवलेली तार. भाईंचं माप कधी चुकलं नव्हतं. घोडी आणा, एकदा बघू, असं म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही. घोडी आणली असती तर तिच्याजवळ जायचं कुणी, हाही प्रश्न होताच.

तीन आठवडे ती खोगीर शिवत होती. लाल मखमल, कडेला जर, पुढच्या उंचवट्यावर आरशाची टिकली. त्या तीन आठवड्यांत तिनं टीव्ही फार लावला नाही.

लग्नसराई सुरू झाली आणि महिन्याभरानं माणिकप्पा ते खोगीर मोटारसायकलच्या मागे बांधून परत आला.

"घोडी बिघडली भाबी."

"काय झालं?"

"औशाच्या वरातीत नवरदेवाला खाली घेतलं. तुऱ्यासकट. बँडवाले वाजवायचं सोडून हसून राहिले. नवरीचा मामा तर माझ्याच अंगावर आला." माणिकप्पानं कपाळावरचं भस्म घामासकट पुसलं. "पोटाखालचा तंग आवळायला गेलं की चावायला येती. वर बसलं की पाठीची कमान करती अन् उडती. सोमेशनं लई मारलं. काट्याचा लगाम घातला. उपेग न्हाई."

"पहिली तर गरीब होती म्हणं?"

"गायीसारखी होती. पाचवं वरीस लागलं अन् मस्ती आली, दुसरं काय." तो खुर्चीच्या टोकावरच बसला होता. "गुरुवारी गाडी सांगितली. माळेगावच्या यात्रेत इकून टाकतो. नवरदेव पाडणारी घोडी चांगलं माणूस घेत न्हाई, एखादा वीटभट्टीवाला घेईल. बुधवारी एक वरात तेवढी कबूल हाय. खोगिराला मागून दुसरा तंग लावून द्या, म्हणजे हलायचं न्हाई."

तो गेल्यावर सालेहानं खोगीर पालथं केलं. तंगाचा पट्टा कुठं जोडायचा ते बघत असताना तिचा हात थांबला. नमद्यावर घामाचे डाग होते, ते मागच्या बाजूला. पुढं, दोन्ही खांद्यांच्या जागी, तळहाताएवढे दोन गोल दाबून दाबून चामड्यासारखे गुळगुळीत झाले होते. त्यांत तांबडे केस रुतले होते आणि एका गोलावर रक्ताची सुकलेली खपली होती. मधली लोकर तर दुकानातून आणल्यासारखी फुगलेली. खोगीर पाठीवर बसतच नव्हतं. अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरावं तसं ते घोडीला खांद्यामागे धरत होतं, आणि वर नवरदेवाचं वजन.

शिवणारीला हे वाचता येतं. दुसऱ्या कुणाला वाचता आलं नसतं.

तिनं भिंतीवरची तार काढली आणि चिंधी उलटी करून पाहिली. मागं भाईंनी बारीक लिहिलं होतं, अडीच वर्षं. शिंगरूपणाला लागून असलेली घोडी. अशा बसक्या जातीची जनावरं आधी उंचीला वाढतात आणि मग दोन-तीन वर्षं आडवी भरत जातात. हे भाई गिऱ्हाइकांना सांगताना तिनं पडद्याआडून शंभरदा ऐकलं होतं. सहा महिन्यांनी परत आणा, असं ते प्रत्येकाला बजावायचे. ऐकलेलं सगळं होतं, फक्त ते तिला सांगितलेलं नव्हतं.

बोलली तर उदगीरच्या बाजारात दुपारपर्यंत बोलणं होणार, भाईच्या मागं त्या घरात काम राहिलं नाही. मग कडी कोण वाजवणार? आणि गप्प बसली तर काहीच होणार नव्हतं. गुरुवारी घोडी जाईल, तिच्यामागं खोगीरही कुठं तरी जाईल. घोडी काही बोलत नाही. तिनं तंगाचा पट्टा कापला, सुईत दोरा ओवला आणि एक बाजू शिवूनही टाकली. टाके सरळ आले. दुसरी बाजू शिवायला खोगीर मांडीवर घेतलं तेव्हा ती खपली तिच्या बोटाखाली आली, तशी तिनं सुई खोचून ठेवली.

बुधवारी सकाळी बुरखा घालून, खोगीर पोत्यात बांधून, जुनी तार आणि एक नवी तार घेऊन ती देवणीच्या शेअर ऑटोत बसली.

माणिकप्पाच्या शेतात गोठ्यापुढं घोडी बांधली होती. त्याची बायको जगदेवी अंगणात तूर पाखडत होती आणि मुलगा सोमेश घोडीच्या अंगावरून लांबूनच पाणी मारत होता.

"भाबी, तुम्ही कशाला आलात? सोमेश आला असता की न्यायला," माणिकप्पा म्हणाला.

"आजच्या वरातीला घोडी नेऊ नका अप्पा," सालेहा म्हणाली. वाटेत तिनं चार वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवेना. "घोडी बिघडली न्हाई. खोगीर बिघडलेलं हाय."

"नवं कोरं खोगीर?"

"मी चुकीच्या मापाचं शिवलं."

सोमेश हसला. "चाची, खोगिरानं कुणी उडत न्हाई. तिला खोड लागली हाय."

"मग पाण्याला नेताना कशी न्हाई उडत रे?" जगदेवी सुपावरून म्हणाली. "रोज उघड्या पाठीवर बसून हिरीवर जातोस. तवा तिची खोड कुठं जाती?"

सालेहानं जुनी तार सोमेशच्या हातात दिली. "खांद्यामागं ठेव."

त्यानं ठेवली. तार बसली नाही. दोन्ही टोकं घोडीच्या अंगात रुतून राहिली आणि मध्ये चार बोटं जातील एवढी फट. घोडीनं कान मागं टाकले.

"तुम्ही जनावर बघितलंच न्हाई?" माणिकप्पानं हळू विचारलं.

"न्हाई."

"मग शिवलं कशावर?"

"त्यांच्या तारेवर."

"भाबी, ती तवा अडीच वर्साची होती."

"सोमेशला त्याचा आठवीतला सदरा घालून वरातीत नाचवा म्हणावं," जगदेवी म्हणाली, पण तिच्याही तोंडावर हसू नव्हतं.

सालेहा पुढं झाली. इतक्या जवळून घोडा तिनं कधी पाहिला नव्हता. अंगातून चुलीसारखी धग येत होती. तिनं तळहात खांद्यामागे ठेवला आणि जरासा दाबला. कातडी थरारली, पाठ खाली दबली आणि घोडीनं मान वळवून दात दाखवले. सालेहानं हात काढला नाही. केसांखाली दोन्ही बाजूंना गाठी लागत होत्या, एक फुटलेली.

"हिथं हात लावून बघा अप्पा."

माणिकप्पानं बघितलं. मग तो गोठ्याच्या खांबाला टेकून उभा राहिला. "महिनाभर मारलं आम्ही तिला," तो म्हणाला. सालेहानं त्याच्या रागाची तयारी ठेवली होती. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो तिच्याकडं बघतही नव्हता.

"सोमेश, माळेगावच्या गाडीवाल्याला फोन कर. नको म्हण. वरातीवाल्यांना दुसरी घोडी बघून दे." आणि मग, सोमेशकडंच तोंड ठेवून, "खोगीर घेऊन जा भाबी. पुढचं मी लातूरला बघतो."

"कुठंही बघा," सालेहा म्हणाली. "जखम भरल्याबिगर काही घालू नका. अन् घालायच्या आधी माप घ्यायला लावा. सातव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी."

जगदेवीनं चहा घ्यायला सांगितलं. सालेहानं अंगणात बसून चहा घेतला. नवी तार पिशवीत तशीच राहिली.

बाजारात व्हायचं ते झालं. पुढच्या दोन महिन्यांत कडी एकदाच वाजली, तीही मीटर बघणाऱ्याची. सालेहानं लाल खोगीर उसवलं, जर वेगळी गुंडाळली. शारिकला तिनं काही सांगितलं नाही. तो म्हणाला असता, सोडा ते काम, इकडं या.

शिमगा झाल्यावर ती आपणहून देवणीच्या ऑटोत बसली. कुणी बोलावलं नव्हतं. माणिकप्पा घरी नव्हता. जगदेवीनं गोठ्याकडं बोट केलं आणि म्हणाली, "अजून लातूरला गेलं न्हाई तुमचं अप्पा. जातो जातो म्हणून राहिले."

सालेहा घोडीजवळ गेली. या वेळी राजीनं नुसतं हुंगलं. जखमा भरल्या होत्या. दोन्ही खांद्यांमागे नवे केस आले होते, तांबड्या अंगावर पांढरेफेक, तळहाताएवढे दोन ठिपके.

"पुन्हा तांबडे येतील का हो?" जगदेवीनं मागून विचारलं.

"न्हाई," सालेहा म्हणाली. "पांढरेच राहणार."

जगदेवीनं लगामाची दोरी धरली आणि सालेहानं पिशवीतून नवी तार काढून त्या पांढऱ्या ठिपक्यांवर ठेवली.